मोटरहोमच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल: पातळी आणि तापमान एकत्रच तपासा

कॅलिफोर्नियातून लास वेगासकडे जाणाऱ्या आय-१५ रस्त्यावर बेकर नावाचं छोटं गाव आहे. तिथे १३४ फूट उंचीचा थर्मामीटर उभा आहे. १० जुलै १९१३ रोजी डेथ व्हॅलीत नोंदवलेल्या १३४ अंश फॅरनहाइट तापमानाची ती आठवण. गाव मागे पडलं की लगेच चढ लागतो. हजार फुटांहून कमी उंचीवरून निघालेला रस्ता चार हजार फुटांच्या वर जातो, आणि गाडी तापू नये म्हणून एसी बंद करा अशा पाट्या कडेला दिसतात.

त्याच चढावर आमच्या मोटरहोमच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीच्या, गिअरबॉक्समधून तेल बाहेर आलं. आधी करपट वास, मग आरशात निळसर धूर. गाडी बाजूला घेऊन खाली वाकून पाहिलं तर सायलेन्सरच्या गरम नळीवर लाल तेल टपटपत होतं. आठवडाभरापूर्वीच एका गॅरेजमध्ये तेल बदलून घेतलं होतं आणि ‘पातळी बघितली, बरोबर आहे’ असं मला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी पद्धतशीर मोजलं, तेव्हा जवळजवळ दीड लिटर तेल जास्त निघालं. गाडी थंड असताना तेल मोजायच्या पट्टीवर (डिपस्टिकवर) तेल कमी दिसलं आणि गरम असतानाच्या खुणेपर्यंत त्यांनी ते भरलं, एवढीच चूक झाली होती.

म्हणून मोटरहोम विकत किंवा भाड्याने घेणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या कुटुंबाला मी आधी हेच सांगतो, की तेल किती अंशावर मोजलं हे माहीत नसेल तर पट्टीवरच्या खुणेला काही अर्थ नाही.

तापमान मध्ये का येतं

तेल तापलं की फुगतं. दर १० अंश सेल्सिअसला साधारण पाऊण टक्का, असा हिशेब धरा. कारमध्ये हा फरक कमी असतो, पण मोटरहोमच्या मोठ्या गिअरबॉक्समध्ये सोळा लिटरच्या आसपास तेल असतं. सकाळच्या २० अंशांवरून ते ७५ अंशांवर गेलं की अर्ध्या लिटरहून अधिक फुगवटा येतो, आणि तो सगळा पट्टीवर दिसतो.

दुसरी गोष्ट इंजिन चालू की बंद, ही. इंजिन चालू असताना पंप तेल उचलून टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग), तेल थंड करणाऱ्या कूलरमध्ये आणि नळ्यांमध्ये भरतो. इंजिन बंद केलं की त्यातलं बरंचसं तेल हळूहळू खालच्या पॅनमध्ये उतरतं आणि पट्टीवर पातळी चढलेली दिसते. म्हणजे दोन चुका अगदी उलट दिशेने फसवतात. थंड गाडीत इंजिन चालू ठेवून मोजलं तर तेल असलेल्यापेक्षा कमी वाटतं आणि आपण उगाच भरतो. गरम गाडीत इंजिन बंद करून मोजलं तर कमी असलेलं तेलसुद्धा पुरेसं वाटतं आणि आपण तसेच घाट चढायला निघतो.

कमी तेल वाईट हे कुणालाही पटतं, कारण पंप हवा ओढतो, दाब पडतो, क्लच घसरतात आणि जळतात. जास्त तेलाने काय बिघडतं, हे मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पातळी वर गेली की फिरणारे गिअर तेलात बुडून ते घुसळतात. ताक घुसळल्यावर येतो तसा फेस येतो. त्या फेसात हवा असते, आणि हवा दाबली जाते. त्यामुळे इथेही दाब पडतो, क्लच घसरतात, तेल आणखी तापतं, आणखी फुगतं आणि शेवटी गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून, म्हणजे हवा ये-जा करण्याच्या नळीतून, बाहेर पडतं. आमच्या गाडीत हेच झालं.

आधी तुमचा गिअरबॉक्स कोणता ते बघा

अमेरिकेत कुटुंबांच्या हातात सर्वांत जास्त दिसते ती ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली क्लास सी गाडी, आणि तिच्याखाली बहुधा फोर्ड ई-४५० ची चासी असते. आमची तीच आहे, ६.८ लिटरचं व्ही-१० इंजिन आणि पाच गिअरचा टॉर्कशिफ्ट नावाचा गिअरबॉक्स. पुढची मापं मी या गिअरबॉक्सची देतो आहे. २०१६ पासून या चासीला सहा गिअरचा टॉर्कशिफ्ट आला. त्याचा तापमानाचा पट्टा वेगळा, तेव्हा सहा गिअरवाल्यांनी आपल्या गाडीचं पुस्तक उघडून आकडे तिथून घ्यावेत. क्रम तोच राहतो.

मागे डिझेल इंजिन असलेल्या बसएवढ्या क्लास ए गाड्यांमध्ये बहुधा अ‍ॅलिसन कंपनीचा गिअरबॉक्स असतो. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

तेलाच्या प्रकारात जराही तडजोड नको. आमच्या पाच गिअरच्या टॉर्कशिफ्टला मूळ तेल मर्कॉन एसपी, त्याच्या जागी आता मर्कॉन एलव्ही मिळतं. मर्कॉन व्ही हे नाव सारखं वाटलं तरी तेल निराळं आहे, जुन्या चार गिअरच्या गाड्यांचं. मर्कॉन यूएलव्ही आणखी निराळं. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं छापलेला डबा दुकानात स्वस्त मिळेल, पण पट्टीवर किंवा पुस्तकात ज्या तेलाचं नाव आहे तेच घ्या.

मोजण्याआधीची तयारी

सामान फार लागत नाही. धागे न सोडणारं फडकं हवं. घरचं विरलेलं सुती कापड नको, त्याचा एक धागा नळीतून आत गेला तर तो बारीक झडपांमध्ये अडकतो. निळे शॉप टॉवेल चांगले. लांब निमुळत्या नळीचं नरसाळं, एक टॉर्च, चाकांना लावायला दोन ठोकळे आणि पांढऱ्या टिश्यू पेपरचा तुकडा. तापमानासाठी ओबीडी-२ सॉकेटला (गाडीच्या संगणकाचे आकडे वाचायची जागा) लावायचं ब्लूटूथचं छोटं यंत्र घ्या. सॉकेट स्टिअरिंगच्या खाली असतं. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान निवडून ठेवा. ते अ‍ॅप फोर्डचे स्वतःचे आकडे वाचतं ना, हे घरीच तपासा. काही अ‍ॅप फक्त इंजिनच्या पाण्याचं तापमान दाखवतात.

डॅशबोर्डवर काटा आहे की, असं वाटेल. पण तो काटा बराच मोठा पल्ला मधल्या पट्ट्यातच काढतो आणि हलायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. मोजणीला आकडाच हवा. इन्फ्रारेड बंदूक पॅनवर धरून मोजणारेही आहेत. काळ्या रंगाच्या लोखंडी पॅनवर ती बऱ्यापैकी अंदाज देते, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर मात्र ती बरंच कमी दाखवते, कारण चकाकणारा पृष्ठभाग स्वतःची उष्णता पुरेशी बाहेर टाकत नाही.

जागा सपाट हवी. पेट्रोलपंपावर मोजू नका, पाणी वाहून जावं म्हणून तिथली जमीन मुद्दाम उतरती केलेली असते. फोनमधलं लेव्हल दाखवणारं अ‍ॅप गाडीच्या जमिनीवर लांबीत आणि रुंदीत ठेवून बघा. आणि लेव्हलिंग जॅक, म्हणजे मुक्कामात गाडी सपाट करणारे पाय, खाली असतील तर ते आधी वर घ्या. जॅकवर गाडी सपाट दिसते खरी, पण मागची चाकं अर्धवट उचललेली असताना गिअर टाकणं अतिशय धोक्याचं आहे.

तेल गरम करणं

उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्स नीट तापत नाही. साधारण २० मैल, म्हणजे ३० किलोमीटर, गाडी चालवा. तेल १५० ते १७० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ६६ ते ७७ अंश सेल्सिअसच्या मध्ये आलं पाहिजे. पट्टीवरचा आडव्या-उभ्या रेघांचा भाग याच तापमानासाठी आहे.

उलटही होतं. घाट चढून आलात, किंवा भर उन्हात गर्दीतून रखडत आलात, की तेल २०० च्या वर गेलेलं असतं. तेव्हा पट्टी जास्त दाखवणारच. इंजिन बंद करून अर्धा तास थांबा, चहा घ्या, मग पुन्हा इंजिन सुरू करून आकडा बघा.

प्रत्यक्ष मोजणी

शक्यतो दोघांनी करा. आमच्याकडे बायको ड्रायव्हरच्या सीटवर असते आणि मी बॉनेटपाशी. बॉनेटखाली पंखा फिरत असतो, म्हणून गळ्यातली साखळी, ओढणी, मोकळे केस, सैल बाही, सगळं आवरून घ्या. बंद शेडमध्ये हे काम करू नका, इंजिनचा धूर जीवघेणा असतो.

१. हँडब्रेक लावा, चाकांना ठोकळे लावा. इंजिन चालू ठेवा.

२. पाय ब्रेकवर घट्ट ठेवून गिअरचा दांडा पार्कपासून एकेका जागी खाली न्या. प्रत्येक ठिकाणी चार-पाच सेकंद थांबा, गिअर लागल्याचा हलका धक्का जाणवू द्या. मग तसाच परत पार्कमध्ये आणा. यामुळे सगळ्या वाटा तेलाने भरतात. ही पायरी गाळली तर आकडा चुकतो.

३. इंजिन बंद करू नका. ते मंद गतीवर चालू असतानाच पट्टी काढायची आहे. बॉनेटखाली दोन पट्ट्या असतात, एक इंजिन ऑइलची आणि एक गिअरबॉक्सची. पहिल्या वेळी पुस्तकातलं चित्र समोर धरून ओळखा आणि मुठीला रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा.

४. पहिल्यांदा बाहेर आलेल्या पट्टीवरची खूण बघूच नका. पुसा, पुन्हा शेवटपर्यंत आत बसवा, दोन सेकंद थांबा आणि सरळ वर ओढा. आता वाचा.

५. पट्टीच्या दोन्ही बाजू बघा. लांब नळीच्या भिंतीला लागलेलं तेल पट्टीच्या एका बाजूला वरपर्यंत ओघळ सोडतं. दोन बाजूंमध्ये जी पातळी खाली आहे ती खरी. तेवढ्यापर्यंत तेल सलग दिसतं, त्याच्या वर ओघळ तुटक असतो. हे डोळ्यांना कळायला मला तीन-चार वेळा मोजावं लागलं. टॉर्च तिरकी धरली की सलग तेलाची कड चमकते.

६. त्याच क्षणी सीटवरच्या माणसाने फोनवरचं तापमान मोठ्याने सांगायचं.

तापमान पट्ट्यात आणि तेल रेघांच्या भागात असेल तर काम झालं. अगदी वरच्या रेघेपर्यंत भरण्याचा अट्टाहास धरू नका, मध्यावर असलेलं उत्तम.

निघण्यापूर्वी थंड गाडीतही पट्टी काढून बघता येते, बाहेर ५० अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे १० अंश सेल्सिअसपेक्षा, जास्त असेल तर. पण ती नजर फक्त ‘गाडी चालवण्याइतकं तेल आहे का’ यासाठी. पट्टीच्या अगदी टोकालाही तेल नसेल तर गाडी हलवू नका. टोकाला तेल आहे पण कमी वाटतंय, म्हणून त्या वेळी भरायला जाऊ नका, गरम झाल्यावर ते जास्तच होणार आहे.

तेल स्वतः काय सांगतं

पट्टीवरचा एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका आणि उन्हात धरा. चांगलं तेल कोकम सरबतासारखं लाल आणि आरपार दिसणारं असतं, आणि थेंब पसरताना कडेपर्यंत एकसारखा रंग राहतो. वापराने ते तपकिरी होतं, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. थेंबाच्या मध्ये काळा गाळ राहिला आणि वास करपट येत असेल तर क्लचचं अस्तर जळतंय. दोन बोटांत चोळून बघा. बारीक रवाळ लागलं तर धातूचा कीस आहे, मेकॅनिककडे जा.

रूहअफजा घातलेल्या दुधासारखं गढूळ गुलाबी तेल दिसलं तर इंजिन ताबडतोब बंद करा. रेडिएटरच्या आतला कूलर फुटून कूलंट तेलात मिसळलं आहे. अशी गाडी दहा मैलही चालवू नका, टो करून न्या. कूलंटमुळे क्लचचं अस्तर चिकटलेल्या जागेवरून सुटतं, मग दुरुस्ती फार मोठी होते.

पट्टीवर बुडबुडे दिसले तर तेल जास्त झालं आहे किंवा पंप हवा ओढतो आहे.

भरणं आणि काढणं

एका वेळी पाव लिटर, जास्त नाही. पट्टीच्याच नळीत नरसाळं धरून सावकाश ओता, तीन-चार मिनिटं थांबा, पुन्हा सगळे गिअर फिरवा, पुन्हा मोजा. ओतल्या ओतल्या मोजलं तर नळी ओली असते आणि पट्टी खोटं सांगते.

जास्त झालेलं काढण्यासाठी हाताने चालवायचा सक्शन पंप मिळतो. त्याची बारीक नळी पट्टीच्या नळीतून पॅनपर्यंत सोडायची, इंजिन बंद करून. पाव-पाव लिटर काढत जा. काढलेलं तेल झाकणाच्या बाटलीत भरून ऑटो पार्ट्सच्या दुकानात द्या. बरीच दुकानं ते फुकट घेतात.

एक लक्षात घ्या, गिअरबॉक्सचं तेल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. कमी झालं असेल तर ते कुठून तरी गळालं आहे. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून त्यावर चाकांची जागा पेनाने आखा. सकाळी लाल डाग कुठे पडला यावरून पॅनचं गॅस्केट, कूलरच्या नळीचा सांधा की मागचं सील, हे बऱ्यापैकी कळतं.

अ‍ॅलिसन असेल तर

मोठ्या डिझेल गाड्यांतल्या बटणवाल्या अ‍ॅलिसनमध्ये तेलाचा सेन्सर असेल तर पट्टी काढण्याची गरजच नाही. सपाट जागी थांबा, न्यूट्रल करा, पार्किंग ब्रेक लावा, इंजिन मंद गतीवर ठेवा. तेल १४० ते २२० अंश फॅरनहाइट, म्हणजे ६० ते १०४ अंश सेल्सिअसच्या मध्ये हवं. वर आणि खाली जाणाऱ्या बाणांची बटणं एकदम दाबा. तेल खाली उतरावं म्हणून यंत्रणा सुमारे दोन मिनिटं थांबते, तोवर आकडे उलटे मोजले जातात. मग ‘ओके’ दिसलं तर बरोबर. ‘एलओ’ आणि पुढे ०२ दिसलं तर दोन क्वार्ट कमी, ‘एचआय’ आणि पुढे ०१ दिसलं तर एक क्वार्ट जास्त. एक क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर. ७० आकडा आला तर तेल अजून थंड आहे, ७९ आला तर फार गरम आहे. तापमानाची अट इथे यंत्रच पाळायला लावतं, हे मला फार आवडतं.

पट्टी असलेल्या अ‍ॅलिसनमध्ये गरम मोजणी १६० ते २०० अंश फॅरनहाइटला, म्हणजे ७१ ते ९३ अंश सेल्सिअसला करायची.

पट्टीच नसेल तर

जुन्या स्प्रिंटर आणि प्रोमास्टर व्हॅनवर बांधलेल्या छोट्या गाड्यांमध्ये नळी आणि तिचं झाकण असतं, पट्टी नसते. मेकॅनिककडे मिलिमीटरच्या खुणांची वेगळी पट्टी असते, आणि कोणत्या तापमानाला किती मिलिमीटर हवेत याचा तक्ता असतो. त्याच्याकडे काम देताना एवढंच विचारा, ‘किती अंशावर मोजणार?’ उत्तर आकड्यात आलं की माणूस जाणकार आहे असं समजा.

चालवताना तापमानावर नजर

सपाट रस्त्यावर आमची गाडी १६० ते २०० अंश फॅरनहाइटमध्ये राहते. चढावर २२० पर्यंत गेलं तर मी फक्त लक्ष ठेवतो. २२५ दिसलं की कृती करतो. २५० म्हणजे १२१ अंश सेल्सिअस, तिथे मी गाडी थांबवतोच. या माझ्या मर्यादा आहेत. तुमच्या पुस्तकात कमी असतील तर त्या पाळा. १७५ च्या वर दर २० अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं, असा मेकॅनिक लोकांचा ठोकताळा आहे.

उष्णता मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तयार होते, तो आतून घसरत असतो तेव्हा. त्याचं लॉकअप, म्हणजे दोन्ही बाजू थेट जोडणारा क्लच, लागलं की घसरण थांबते. म्हणून चढाच्या आधीच टो-हॉलचं (जड ओझ्यासाठी गिअर बदलण्याची पद्धत) बटण दाबा, वेग ४५ मैलांपर्यंत उतरवा आणि खालच्या गिअरमध्ये इंजिन ३,००० ते ३,५०० फेऱ्यांवर फिरू द्या. व्ही-१० चा आवाज मोठा येतो, घरातले घाबरतात, पण त्या फेऱ्यांत पाण्याचा पंप आणि पंखाही जोरात चालतात. वरच्या गिअरमध्ये पेडल दाबून गाडी कण्हत चढवणं हेच तेलाला सर्वांत जड जातं. कॅम्पग्राउंडमध्ये उताराच्या जागेत हळूहळू मागे घेताना, किंवा गाडी सपाट करायला ठोकळ्यांवर चाक चढवतानाही तापमान भराभर वाढतं. दोन प्रयत्नांनंतर थोडं थांबा.

थांबावं लागलं तर इंजिन लगेच बंद करू नका. इंजिनच्या पाण्याचं तापमान ठीक असेल तर गाडी पार्कमध्ये टाकून इंजिन १,२०० फेऱ्यांच्या आसपास चालू ठेवा. तेल कूलरमधून फिरत राहतं आणि दोन-तीन मिनिटांत आकडा उतरायला लागतो. उतरला नाही तर कूलरमध्ये हवा जात नसेल, त्याच्या पाकळ्यांत किडे आणि गवत अडकलं असेल, किंवा नळी चेपली असेल.

ग्लोव्ह बॉक्समध्ये आमची एक वही असते. प्रत्येक मोजणीची तारीख, मैल, बाहेरचं तापमान, तेलाचं तापमान आणि पट्टीवरची जागा आम्ही तिच्यात लिहितो. शेवटच्या फेरीची नोंद अशी आहे: बेकर, सकाळी ७, बाहेर ८८, तेल १६२, रेघांच्या मध्यावर, रंग लाल, पुठ्ठा कोरडा. खाली बायकोने चढाचा सर्वांत मोठा आकडा लिहिला आहे, २०८.